समई, करंडा आणि जलरंग : गृहवस्तूंच्या चित्रनोंदीचा इतिहास

देवस्थानांच्या जुन्या दप्तरांत दागदागिने आणि भांडीकुंडी यांच्या याद्या असतात. त्या लिहिण्याची रीत बहुधा एकच. वस्तूचे नाव, नग, धातू आणि वजन. अमुक इतक्या तोळ्यांच्या चांदीच्या समया दोन. अमुक इतक्या शेरांचा तांब्याचा हंडा एक. हिशेबाच्या दृष्टीने अशी नोंद निर्दोष होय. परंतु त्या समईच्या शिरावर हंस होता की मोर, तिच्या खांबाला किती कडी होती, वातींची टोके पाच होती की सात, बैठकीवर कमळ कोरले होते की नुसती रेघ, यांविषयी यादी मौन पाळते. पुढे केव्हातरी जुनी समई मोडून त्याच चांदीची नवी घडविली जाते. वजन वजनाशी जुळते, तपासनीस सही करतो आणि दप्तरात एका गुंजेचीही तूट न दिसता एक संपूर्ण आकृती जगातून नाहीशी होते.

जे देवस्थानात घडते तेच घरोघर अधिक वेगाने घडत आले आहे. घरच्या वस्तूंची तर यादीही नसते. म्हणून या वस्तूंची आकृती कागदावर कोणी उतरवून ठेवली काय, कोणत्या हेतूने ठेवली आणि ती परंपरा या प्रांतात कोठवर पोहोचली, हा प्रश्न केवळ चित्रकलेच्या अभ्यासकांचा नाही. ज्या कुटुंबांच्या माजघरात आणि देवघरात या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वावरल्या, त्यांचाही तो प्रश्न आहे.

माजघरातील संपत्ती

गोमंतकातून कारवार, बेळगाव, हुबळी आणि धारवाड या बाजूस येऊन स्थिरावलेल्या महाजन कुटुंबांनी आपल्या कुलदेवतेचे स्थान मागे ठेवले, पण तिच्या नित्यपूजेची उपकरणे बरोबर आणली. १९१७ मध्ये धारवाडास कर्नाटक कॉलेज सुरू झाले. विद्या आणि नोकरी यांच्या निमित्ताने या नगरीत वस्ती वाढत गेली, आणि सप्तापूर, मालमड्डी यांसारख्या भागांतील घरांतून कोकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषा एकाच स्वयंपाकघरात नांदू लागल्या. मराठीत जी विळी, तीच कोकणीत आदोळी आणि कानडीत ईळिगे मणे. वस्तू एक, नावे तीन. आणि प्रत्येक नावामागे तिच्या घडणीचा थोडा निराळा इतिहास.

या घरांतील वस्तूंची नुसती गणती केली तरी त्यांतील वैविध्य ध्यानात येते. देवघरात समई, निरांजन, पंचारती, तामण, पळी-पंचपात्री, घंटा. वरातीच्या वेळी वरमाईच्या हाती शोभणारा लामणदिवा, ज्याच्या साखळीत पोपट, मोर वा हत्ती गुंफलेले. बैठकीच्या खोलीत पानाचे तबक, चुन्याची डबी आणि नाना आकारांचे अडकित्ते. स्त्रियांच्या खोलीत कुंकवाचा करंडा, फणेरपेटी, आरसा. न्हाणीघरात तांब्याचे भाण आणि पाय घासण्याची वज्री. स्वयंपाकघरात शेवेचा सोऱ्या, खोबरे खवण्याची दातेरी जीभ बसविलेली विळी, डाव, झारे, परात. यांतील एकही वस्तू केवळ शोभेसाठी नव्हती आणि शोभेविना तर एकही नव्हती. कासाराने, ओतकाम्याने, सुताराने रोजच्या उपयोगाच्या वस्तूवरही एखादे पान, एखादा पक्षी, एखादी जाळी कोरण्याचे श्रम घेतले होते.

या वस्तू घराबाहेर का पडल्या, याची कारणेही घरगुतीच आहेत. पितळेच्या भांड्यांना वेळोवेळी कल्हई लावणे भाग असते आणि कल्हईवाला हळूहळू दुर्मिळ झाला. चिंच आणि राख लावून भांडी घासणारे हात कमी झाले. स्टेनलेस स्टील आले आणि ते घासण्यास सोपे ठरले. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, तेथे हंड्या-घंगाळांना जागा उरली नाही. याहून वेदनादायक कारण वाटणीचे. समयांची जोडी दोघा भावांत एकेक वाटली गेली, म्हणजे न्याय झाला. पण जोडी म्हणून तिचे जे रूप होते ते त्या दिवशी संपले. पुढे एक समई एका नगरात, दुसरी परदेशात आणि तिसऱ्या पिढीला दोन्ही एकमेकींच्या जोडीदार होत्या हेही ठाऊक नाही, अशी स्थिती होते. उरलेला भाग मोडीत निघतो आणि वजनावर विकला जातो.

विद्धचित्राची कल्पना

वस्तू जशी आहे तशीच चित्रात उतरविण्याची कल्पना या भूमीला नवी नाही. धारवाड ज्या प्रदेशात मोडते तो प्रदेश बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्या वंशातील तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल असे बिरुद होते, त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याचा काळ इ. स. ११३० च्या सुमाराचा मानला जातो. गजानन श्रीगोंदेकर यांनी तो संपादित केला आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेतून १९२५ पासून त्याचे खंड प्रसिद्ध झाले.

या ग्रंथात राजाच्या दैनंदिन जीवनातील शेकडो विषय आले आहेत. त्यांत दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली, मेणाची प्रतिमा करून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत. मेणाचे वजन आधी करून त्यावरून लागणाऱ्या धातूचा अंदाज कसा बांधावा, हेही तेथे सांगितले आहे. दुसरी, चित्रांचे प्रकार. आरशात प्रतिबिंब दिसावे तसे हुबेहूब काढलेले जे चित्र, त्याला तेथे विद्धचित्र असे नाव दिले आहे, आणि रंगीत चूर्णांनी काढलेल्या चित्राला धूलिचित्र. धूलिचित्र म्हणजे घराघरापुढची रांगोळी. ती परंपरा अखंड टिकली. विद्धचित्राची दृष्टी मात्र देवदेवता, राजे आणि युद्धे यांच्या चित्रणाकडे वळली. माजघरातील अडकित्त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

एका ठिकाणी मात्र गृहवस्तूंना रेखाचित्राचा मान मिळाला, आणि तो धारवाडच्या स्त्रियांनी दिला. कशिदा, ज्याला कानडीत कसूती म्हणतात, त्यात इरकली लुगड्यावर तुळशीवृंदावन, गोपूर, रथ, पालखी, पाळणा, हत्तीवरील अंबारी हे आकार सुईने भरले जातात. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे त्याचे चार प्रमुख टाके. यांपैकी गवंती आणि मुरगी असे घातले जातात की कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. कापडावर आधी काही न रेखता, केवळ ताण्याबाण्याचे धागे मोजून हे काम होते. म्हणजेच या आकृत्यांची मूळ नोंद कागदावर कोठेच नव्हती. ती आईच्या बोटांतून मुलीच्या बोटांत जात होती. अशी नोंद जितकी जिवंत तितकीच नाजूक. एक पिढी शिकली नाही की ती संपली.

मुंबई इलाख्यातील चित्रनोंदी

एकोणिसाव्या शतकात या देशातील नित्योपयोगी वस्तूंची पद्धतशीर चित्रनोंद प्रथम झाली ती इंग्रजी अमलात, आणि तिच्यामागील प्रेरणा बव्हंशी व्यापाराची होती. फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतीय कापडांच्या ७०० नमुन्यांचा १८ खंडांचा संग्रह सिद्ध केला. त्यात खऱ्या कापडाचेच तुकडे कापून चिकटविले होते आणि त्याचे २० संच तयार करण्यात आले होते. येथील माणसे काय नेसतात हे विलायतेतील गिरणीवाल्यांना कळावे आणि त्यांनी तसा माल विणून पाठवावा, हा त्याचा उघड हेतू होता.

याच काळात एक निराळा सूरही उमटत होता. सर जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म १८३२ मध्ये बेळगावी झाला. मुंबईत वैद्यकीय अध्यापन आणि तेथील वस्तुसंग्रहालयाची उभारणी यांत त्यांचा मोठा वाटा होता. ‘इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. कुंभार, कासार, विणकर यांच्या हातच्या साध्या वस्तूंना कलेच्या इतिहासात स्थान मिळाले पाहिजे, असा आग्रह त्यांनी त्यात धरला. देवतांच्या मूर्तींविषयी त्यांची मते पुढे वादग्रस्त ठरली आणि त्यांवर भारतीय विद्वानांनी योग्य ती टीका केली. परंतु घरातल्या लोट्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी आदराची होती, हे मान्य केले पाहिजे.

मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक तेथे रुजू झाले. किपलिंग यांनी १८७० च्या सुमारास सरकारच्या वतीने उत्तर भारतात फिरून कारागिरांची त्यांच्या हत्यारांसह बारकाईने रेखाटने केली. ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी यांसारखे एतद्देशीय चित्रकार या कामातच तयार झाले. लंडनला धाडलेल्या या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या. प्रतिकृतीही नाशवंत असते आणि म्हणून एका ठिकाणची एकच प्रत पुरेशी नसते, हा धडा त्या आगीने दिला.

१८८४ मध्ये ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट’ हे नियतकालिक सुरू झाले आणि थोड्या बदललेल्या नावाने ते १९१७ पर्यंत चालले. लंडनचे विल्यम ग्रिग्ज त्याची रंगीत चित्रे शिळाछापाने छापीत. निरनिराळ्या प्रांतांतील धातुकाम, लाकूडकाम, विणकाम यांची तपशीलवार चित्रे त्यात येत. मुंबई इलाख्यातील तांब्यापितळेच्या भांड्यांवर स्वतः ग्रिफिथ्स यांनी त्यात लिहिले. नाशिक-पुण्याच्या कासारआळीतील लोटे, पळ्या, दिवे यांना प्रथमच मोठ्या आकाराच्या छापील पानांवर जागा मिळाली. मात्र ही पाने पाहणारे वाचक मुख्यतः संग्रहालयांचे अधिकारी, प्रदर्शनांचे संयोजक आणि कारखानदार होते. ज्यांच्या घरातील वस्तू होत्या त्या घरांपर्यंत ती चित्रे आली नाहीत.

घरांपर्यंत आली ती दुसरीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील शाळांत चित्रकला रुजली आणि एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षा सुरू झाल्या. धारवाड १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे येथील कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी या परीक्षा दिल्या. त्यांतील वस्तुचित्राचा विषय कोणास आठवणार नाही? टेबलावर एक तांब्या, शेजारी पेला, मागे पडदा. आधी पेन्सिलीने मध्यरेषा, मग दोन्ही बाजूंचा तोल, मग छायाप्रकाश, आणि शेवटी जलरंगाचे हलके थर. या परीक्षांनी हजारो हातांना तांब्याचा गोलवा अचूक काढण्याचे शिक्षण दिले. पण तो तांब्या कोणाचा, कोठे घडला, किती जुना, हे कोणी विचारले नाही, कारण परीक्षेच्या दृष्टीने तो तांब्या नव्हता. तो एक लंबवर्तुळ होता. कौशल्य घरोघर पोहोचले, परंतु त्या कौशल्याला घराकडे वळविणारे कोणी भेटले नाही.

अमेरिकेतील अठरा हजार चित्रे

हेच कौशल्य घराकडे वळविण्याचा प्रयोग एका दूरच्या देशाने केला. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत प्रचंड बेकारी माजली. १९३३ मध्ये काम करू शकणाऱ्या दर चौघांपैकी सुमारे एक माणूस रिकामा होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३५ मध्ये सार्वजनिक कामांची विशाल योजना आखली आणि तिच्यात रस्ते व धरणे यांबरोबर चित्रकारांनाही काम दिले. त्या कलाविभागाचे प्रमुख होल्गर केहिल हे होते. या विभागाची एक शाखा म्हणजे ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’, अर्थात अमेरिकेतील घडणीची चित्रसूची.

तिची कल्पना एका ग्रंथालयात जन्मली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात चित्रसंग्रहाच्या प्रमुख रोमाना जाविट्झ यांच्याकडे कापडावरील नक्षी काढणारे आणि नाटकांचे नेपथ्य करणारे लोक जुन्या अमेरिकन वस्तूंची चित्रे मागण्यास येत. युरोपातील देशांच्या लोककलांवर सचित्र ग्रंथ होते. स्वतःच्या देशातील घरगुती वस्तूंची मात्र विश्वसनीय चित्रे एकत्र कोठेच नव्हती. ही उणीव त्यांनी रूथ रीव्ह्ज या वस्त्रकलावंत स्त्रीशी बोलताना मांडली आणि त्या दोघींच्या विचारांतून योजना आकारास आली. रूथ रीव्ह्ज याच तिच्या पहिल्या राष्ट्रीय संयोजक झाल्या.

योजना १९४२ पर्यंत चालली. तीसहून अधिक राज्यांत शेकडो चित्रकारांनी काम केले आणि १८,००० हून अधिक जलरंगचित्रे सिद्ध झाली. विषय कोणते? गोधड्या, लाकडी पेट्या, मातीचे रांजण, कुलपे, पाळणे, मुलांची खेळणी, छपरावरचे वातकुक्कुट, जहाजाच्या नाळेवरील लाकडी पुतळ्या, दुकानांच्या पाट्या. वसाहतकाळापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या, सामान्य माणसाने घडविलेल्या आणि सामान्य माणसाने वापरलेल्या वस्तू. त्या भूमीच्या मूळ रहिवासी जमातींच्या कलाकृती मात्र या सूचीबाहेर ठेवल्या गेल्या. तिची ही मर्यादा विसरता येत नाही.

चित्रे काढण्याची शिस्त कडक होती. रंगीत छायाचित्रण त्या वेळी खर्चाचे आणि भरवशाचे नव्हते, म्हणून हातानेच काम करायचे होते. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात ईजिप्तच्या उत्खननातील वस्तूंची हुबेहूब चित्रे काढण्याची एक रीत विकसित झाली होती. सुझॅन चॅपमन यांनी ती मॅसॅच्युसेट्समधील चित्रकारांना शिकविली आणि तेथून ती इतरत्र पसरली. वस्तू मोजायची, अचूक रूपरेषा काढायची, एका बाजूचा स्थिर प्रकाश धरायचा आणि पातळ रंगाचे थरावर थर चढवून पोत साधायचा. पार्श्वभूमी कोरी. गोधडी असेल तर तिच्या कापडाचा विटलेला रंग आणि फाटलेली शिवण तशीच दाखवायची. लाकडावरची चीर बुजवायची नाही. चित्रकाराने आपली कल्पना तिच्यावर लादायची नाही. एकेका चित्राला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. प्रत्येक चित्राबरोबर वस्तूचे नाव, साहित्य, मापे, काळ, ठिकाण, घडविणारा आणि बाळगणारा यांची माहिती लिहिली जाई.

महायुद्ध आले, योजना बंद पडली. युद्धसामग्रीसाठी त्या देशात भंगार लोखंड आणि इतर धातू गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत घरोघरच्या जुन्या वस्तूंचीही आहुती पडली. चित्रे मात्र सुरक्षित राहिली. १९४३ मध्ये ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रदालनाच्या स्वाधीन झाली. तेथे ती जतन केलेली आहेत आणि संगणकाच्या द्वारे जगातील कोणालाही पाहता येतात. बेकार चित्रकारांना पोटास लावण्यासाठी निघालेल्या कामातून एका राष्ट्राच्या घरगुती जीवनाचे दप्तर तयार झाले. त्या दप्तरात वस्तूचे वजन क्वचितच सापडेल. तिचे रूप मात्र पूर्णपणे सापडते.

रूथ रीव्ह्ज आणि भारत

या हकिगतीचा पुढील भाग भारतात घडला, ही गोष्ट फारशी ठाऊक नाही. रूथ रीव्ह्ज १९५६ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या आणि मग येथेच राहिल्या. भारताच्या महानिबंधकांच्या, म्हणजे जनगणनेच्या कार्यालयात त्यांनी हस्तव्यवसायांविषयीच्या मानद सल्लागार म्हणून काम केले. मेणाच्या साच्यातून धातू ओतण्याच्या भारतीय पद्धतीवरील त्यांचा ग्रंथ १९६२ मध्ये दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयाने प्रसिद्ध केला. सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त वर्णिलेली ती मेणाची विद्या, आठशे वर्षांनी एका परदेशी स्त्रीने जिवंत कारागिरांच्या शेजारी बसून लिहून ठेवली. १९६६ मध्ये नवी दिल्ली येथेच त्यांचे निधन झाले.

त्या काळात हस्तव्यवसायांच्या पुनरुत्थानाची धुरा ज्यांनी वाहिली त्या कमलादेवी चट्टोपाध्याय मंगळूरच्या सारस्वत घराण्यातील होत्या, हे येथील वाचकांना अभिमानास्पद वाटेल. त्यांचा जन्म ३ एप्रिल १९०३ चा. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाचे नेतृत्व त्यांनी दीर्घकाळ केले. गावोगाव हिंडून त्यांनी कारागीर शोधले आणि मृतप्राय कलांना बाजारपेठ मिळवून दिली. १९८८ मध्ये त्या निवर्तल्या. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी तत्कालीन महानिबंधक अशोक मित्र यांच्या प्रेरणेने निवडक हस्तव्यवसायांचे राज्यवार अहवालही तयार झाले. कारागीर, त्याचे हत्यार, त्याची मजुरी, त्याचा माल यांची शब्दांत मांडलेली ती मोलाची नोंद होय.

तरीही या साऱ्या उद्योगांचे लक्ष वस्तू घडविणाऱ्यावर होते, आणि ते योग्यच होते. घरात आधीच असलेल्या, घडविणारा केव्हाच काळाआड गेलेल्या वस्तूंची नोंद कोणाच्याही कक्षेत आली नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ मध्ये अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्याने पुरावस्तू ठरविली आणि खासगी निर्यातीस बंदी घातली. परंतु नोंदणीची सक्ती मुख्यतः मूर्ती-शिल्पे, चित्रे, हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांपुरती राहिली. आजीचा पानाचा डबा तिच्या बाहेरच राहिला.

एका पुणेकराचा ध्यास

ज्या पुरुषाने मराठी मुलखात हे काम एकहाती केले त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६ चा. चष्म्यांचा व्यवसाय करणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या नादी लागले. पत्नी कमलाबाई यांच्या साथीने ते खेडोपाडी फिरले. बालवयात निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयास दिले. दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, करंडे, दौती, कोरीव दारे अशा सुमारे २०,००० वस्तू जमवून १९७५ मध्ये त्यांनी तो संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय दिव्यांवर त्यांनी लिहिलेले पुस्तकही आहे. मोडीत निघणाऱ्या पितळेच्या ढिगातून उचललेला एखादा अडकित्ता काचेआड ठेवला, की त्याच्याकडे पाहणाऱ्याची नजर पालटते, हे केळकर संग्रहालयाने सिद्ध केले. गोमंतकातही बाणावली येथे व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी शेती आणि घरसंसार यांतील चार हजारांहून अधिक वस्तूंचे ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय उभारले आहे.

परंतु संग्रहालयात गेलेली वस्तू घरातून गेलेली असते. ती तेथे सुरक्षित असते. पण कोणाच्या लग्नात ती आली, कोणत्या वाटणीत तिची जोडी फुटली, चतुर्थीच्या दिवशी ती कोठे मांडली जाई, ही माहिती दाराशीच गळून पडते. आणि प्रत्येक कुटुंबाने आपली समई संग्रहालयास द्यावी अशी अपेक्षाही करता येत नाही. ती देवापुढे तेवत राहणे हेच तिचे खरे जतन. म्हणूनच चित्रनोंदीचे महत्त्व. वस्तू घरात राहते, वापरात राहते आणि तिचे रूप मात्र सर्वांचे होते.

महाजन कुटुंबांसाठी

छायाचित्र काढण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात असताना हाताने चित्र कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. छायाचित्र जरूर काढावे. पण घासलेल्या पितळेवर चकाकी येते आणि नेमकी नक्षी तीत बुडते. छायाचित्र आतली पोकळी, सांधा, पेच, तळाचे कासाराचे चिन्ह हे सारे एका पानावर मांडीत नाही. शिवाय ते क्षणात निघते आणि हजार छायाचित्रांच्या गर्दीत हरवते. चित्र काढणाऱ्यास वस्तूसमोर चार दिवस बसावे लागते. त्या चार दिवसांत घरातील वडीलधारी मंडळी येऊन शेजारी बसतात आणि ती वस्तू कोठून आली हे सांगू लागतात. अमेरिकेतील चित्रसूचीच्या पानापानांबरोबर जी माहिती जोडलेली आहे, ती अशाच बसण्यातून आली.

या कामास लागणारे साहित्य अल्प आहे. जाड कागद, पेन्सिल, मोजपट्टी, जलरंगांची पेटी. वस्तू लहान असल्यास मूळ आकारात काढावी, मोठी असल्यास प्रमाण लिहावे. प्रकाश एकाच बाजूचा धरावा. पोचा, डाग, नंतर मारलेला झाळ हे दडवू नयेत. तोच तिचा जन्मवृत्तांत असतो. पाठीमागे मापे, वजन, धातू, तिन्ही भाषांतील नावे, कोणत्या पिढीत व कोणत्या गावाहून आली ते लिहावे. जोडी फुटलेली असेल तर दुसरी कोणाकडे आहे ते आवर्जून नोंदवावे. कागदावर तरी त्या दोन समया पुन्हा शेजारी उभ्या राहतील. चित्राच्या दोन प्रती कराव्यात, एक घरी आणि एक देवस्थानाच्या दप्तरी. १८८५ च्या आगीचा धडा तोच आहे.

गोमंतकातील देवस्थानांत १९३३ च्या नियमावलीनुसार महाजनांची नोंदवही ठेवली जाते आणि तिच्यामुळेच दूर गेलेल्या कुटुंबांचा मूळ स्थानाशी असलेला संबंध कागदोपत्री टिकला. माणसांची नोंद इतक्या निष्ठेने ठेवणाऱ्या समाजाला वस्तूंची नोंद अवघड नाही. शाळेत कधीकाळी वस्तुचित्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले हात जवळपास प्रत्येक घरात आहेत. त्या हातांनी परीक्षकाच्या टेबलावरील अनोळखी तांब्या काढला. आता त्यांनी स्वतःच्या देव्हाऱ्यापुढील समई काढावी. पुढे ती समई कोणी मोडली, विकली वा वाटून घेतली, तरी दप्तरात वजनाच्या आकड्याशेजारी तिचे रूप राहील. आणि कोण्या नातवास वाटले तर कासारापुढे तो कागद ठेवून तशीच दुसरी घडवून घेता येईल.